ग्रेव्हनहर्स्टला गेलाय का कुणी? अनुभव लिहा

टोरांटोहून दोनेक तास वर गेलं की मस्कोका लेकच्या काठी ग्रेव्हनहर्स्ट लागतं. आपली मंडळी कॉटेजला जाताना गाडीत गॅस (पेट्रोल) भरतात नि पुढे पळतात, आम्हीपण तीन उन्हाळे तेच केलं. तिथे डॉ. नॉर्मन बेथून यांचं जन्मघर आहे, पाहिलंय कुणी? गावाचं बाकी जे आठवतंय तेही लिहा.

*

पाहिलंय! बाबा सोलापूरहून आले होते तेव्हा. मी निघाले होते बोटीसाठी, पण पाटी वाचून बाबा म्हणाले गाडी वळव, हा आपल्या कोटणीसांचा बेथून. मला ओ की ठो कळेना, मग पार्किंगमध्येच सगळी कथा. बेथून १९३८ला चीनला गेले, तिथल्या युद्धात आघाडीवर ऑपरेशनं करायचे, त्यातच हाताचं बोट कापलं, विष अंगात भिनलं आणि १९३९च्या नोव्हेंबरात गेले. द्वारकानाथ कोटणीस भारतीय डॉक्टरांच्या पथकातून १९३८लाच तिकडे पोचले, पण दोघांची गाठ काही पडली नाही, आणि पुढे बेथूनांच्या नावानं हॉस्पिटल निघालं त्याचे पहिले प्रमुख मात्र कोटणीस. ३२व्या वर्षी तेही तिकडेच वारले.

घर पाद्र्याचं, बेथूनांचे वडील पाद्री होते. आत चिनी टुरिस्टांचा ग्रुप होता. बाबा एका आजोबांना 'कोटणीस, कोटणीस' सांगतायत, त्यांना काही कळेना, शेवटी मी फोनवर चिनी नाव शोधलं, के दिहुआ. ते ऐकलं आणि आजोबांनी बाबांचे दोन्ही हात धरले ते सोडेचनात.

बोट राहिलीच.

*

ती आम्ही केली, सेग्वुन. १८८७ची आहे आणि अजून कोळशावर चालते, खाली माणूस फावड्यानं कोळसा टाकत असतो. पांढरा कुर्ता घालून जाऊ नका, काजळी उडते (अनुभवाचे बोल). भोंगा वाजला तसं आमचं पोरगं थेट माझ्या मांडीत.

*

आमच्या ह्यांना बेथूनपेक्षा सॅनेटोरियमचं कौतुक, छातीचे डॉक्टर ना. टीबीचं कॅनडातलं पहिलं सॅनेटोरियम इथलंच, १८९७चं. तेव्हा औषध कुठलं, मोकळी हवा नि पडून राहायचं, थंडीतसुद्धा व्हरांड्यात झोपवायचे म्हणे. बेथूनांनाही टीबी झाला होता, ते वाचले.

*

मी मिरजेची. आमचं मिशन हॉस्पिटल काढणारे वानलेस डॉक्टरपण इथल्याच ओंटारियो प्रांतातले की! त्यांचं गाव कुणी बघितलंय का? असेल तर सांगा, मे महिन्यात आई येतेय.