कोणत्याही संगणकावर चालेल अशी व्हिडिओ फाइल: एच.२६४ चा आग्रह अजून धरावा का?

मूळ मत

व्हिडिओ कोणत्या संगणकावर पाहिला जाणार हे ठाऊक नसेल, तर एक्स्पोर्ट एमपी४ फाइलमध्ये, एच.२६४ चित्र आणि एएसी ध्वनी असाच करावा, असे माझे ठाम मत आहे. २००३ साली प्रमाणित झालेला एच.२६४ हा कोडेक (चित्र लहान करून साठवण्याची आणि पुन्हा उलगडण्याची पद्धत) विंडोज आणि मॅक, दोन्हींवर वेगळे काही न बसवता चालतो. मात्र कोडेक निवडला म्हणजे काम झाले असे नाही. चित्रण ४:२:२, १० बिटचे (म्हणजे रंगांची माहिती अधिक बारकाईने नोंदवणारे) असेल आणि एक्स्पोर्टमध्येही तेच रंगस्वरूप राहिले, तर एमपी४ असूनही काही प्लेअरवर नुसता आवाज येतो आणि पडदा काळा राहतो, कारण बहुतेक ग्राफिक्स चिप्समधील एच.२६४ डीकोडर ८ बिट, ४:२:० एवढेच (म्हणजे कमी रंगमाहितीचे) चित्र उलगडतो. म्हणून ती सेटिंग स्वतः तपासावी. एक्स२६४ (एच.२६४ फाइल बनवणारे सॉफ्टवेअर) वापरत असाल, तर सीआरएफ (दर्जा ठरवणारा आकडा; तो जितका लहान तितका दर्जा चांगला) १८ च्या आसपास ठेवल्यास मूळ चित्रातला आणि फाइलमधला फरक सहसा डोळ्यांना जाणवत नाही.

प्रतिसाद: असहमत

ही शिफारस दर्जाचा बळी देऊन सोय साधते. संध्याकाळचे आकाश किंवा धुके असलेले दृश्य घ्या. ८ बिटांत प्रत्येक रंगवाहिनीला जेमतेम २५६ पायऱ्या मिळतात, १० बिटांत १०२४; त्यामुळे जिथे रंग हळूहळू उतरत जायला हवा तिथे पट्टे उमटतात, आणि बिटरेट (दर सेकंदाला वापरली जाणारी माहिती) कितीही वाढवला तरी ते पूर्णपणे जात नाहीत. २०१३ साली आलेला एच.२६५ हा पुढचा कोडेक साधारण निम्म्या बिटरेटमध्ये तोच दर्जा देतो, आणि त्याचे १० बिट रूप उलगडणारे हार्डवेअर आता सर्रास मिळते. जुन्या यंत्रांसाठी सर्वांनाच किती काळ मागे ठेवायचे?

मूळ लेखकाचे उत्तर

हार्डवेअर असणे आणि फाइल चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिप सक्षम असूनही विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरसाठी अनेकदा एच.२६५ चा विस्तार (जोड सॉफ्टवेअर) वेगळा बसवावा लागतो, आणि सभागृहातल्या संगणकावर तशी परवानगी आपल्याला असतेच असे नाही. पट्ट्यांवर उपाय आहे: ८ बिटांत उतरवताना डिदरिंग करावे (जवळच्या छटांचे ठिपके मिसळावेत) किंवा किंचित ग्रेन (फिल्मसारखा बारीक दाणेदारपणा) घालावा, म्हणजे पायऱ्यांच्या कडा विरतात. ग्रेन टिकवायला बिटरेट अधिक लागतो, हे मान्य. पण मोठी फाइल निदान चालते.

आणखी एक प्रतिसाद

दोघांच्याही मांडणीत मास्टर फाइल (जपून ठेवायची उच्च दर्जाची मूळ प्रत) आणि देण्याची फाइल यांची गल्लत होते आहे. प्रोरेस ४२२ एचक्यू या संपादनासाठीच्या कोडेकसारख्या १० बिट स्वरूपात मास्टर जपून ठेवावा आणि वाटपासाठी त्यातून एच.२६४ काढावी.

असहमत सदस्याचे उत्तर

मास्टर प्रेक्षकाला दिसत नाही. त्याला दिसते ती दिलेली फाइलच. तरीही अनोळखी संगणकासाठी डिदरिंग केलेली ८ बिट प्रत मी स्वीकारीन. एचडीआर (उजेड आणि अंधार यांचा अधिक मोठा पल्ला टिपणाऱ्या) चित्रणाबाबत मात्र माझा विरोध कायम आहे, कारण तिथे १० बिट ही किमान गरज आहे; ते चित्रण एच.२६४ मध्ये द्यायचेच असेल, तर आधी टोन मॅपिंग करून (उजेडाचा पल्ला साध्या पडद्याला पेलेल इतका आवळून) रेक.७०९ या साध्या एचडी पडद्यांच्या रंगमानकात आणावे, अन्यथा साध्या पडद्यावर सारे रंग फिके आणि राखाडी दिसतील.