कायमची चालवायची साइट मोफत ब्लॉगवर काढावी का? नेमके तोटे काय?

कानामात्रा

शालेय गणिताचं मराठी अभ्याससाहित्य एका जागी मिळेल अशी साइट काढायची आहे. लेख, सोडवलेली उदाहरणं आणि छापून घेता येतील असे पीडीएफ प्रश्नसंच, असं स्वरूप. लिहिणारे तिघे-चौघे. हळूहळू दोनशेच्या आसपास लेख होतील, आणि पुढे दर महिन्याला ईमेलने पत्रिका पाठवायचाही विचार आहे.

ब्लॉगर किंवा वर्डप्रेस डॉट कॉमची मोफत योजना डोळ्यांसमोर आहे. ‘फुकटातलं नको’ असं जो तो सांगतो, पण का नको ते कुणी सांगत नाही. जाहिराती दिसतात एवढंच असेल तर चालवून घेऊ. आत्ता फुकटात सुरू करून पुढे हलवलं तर नेमकं अडतं कुठे? तांत्रिक सांगितलंत तरी चालेल.

---

खटपट्या

जाहिराती हा त्यातला सगळ्यात किरकोळ तोटा. (ब्लॉगर तर तुम्ही लावल्याशिवाय जाहिराती लावतही नाही. वर्डप्रेस डॉट कॉम मोफत योजनेत लावतं आणि त्याचे पैसे तुम्हाला मिळत नाहीत.) खरं दुखणं पत्त्याचं आहे.

‘अमुकतमुक डॉट ब्लॉगस्पॉट डॉट कॉम’ हा ब्लॉगरवर मोफत मिळणारा पत्ता तुमचा नसतो. शाळांनी, शिक्षकांनी, इतर साइट्सनी दिलेले सगळे दुवे त्या पत्त्याला चिकटतात, आणि शोधयंत्रातलं वजनही त्यालाच मिळतं. साइट हलवताना जुन्या प्रत्येक पानावरून नव्या पानाकडे ३०१ रिडायरेक्ट लागतं, म्हणजे ‘हे पान कायमचं तिकडे गेलं’ असा सर्व्हरचा निरोप. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये ‘कस्टम रिडायरेक्ट्स’ दिसतं खरं, पण ते त्याच ब्लॉगच्या आतल्या आत चालतं, बाहेरच्या साइटवर पाठवता येत नाही. वर्डप्रेस डॉट कॉमवर ‘साइट रिडायरेक्ट’ मिळतं, पण ते वार्षिक शुल्काचं. पैसे भरणं थांबलं की वाट बंद. थोडक्यात, ‘नंतर हलवू’ हाच यातला महाग पर्याय आहे.

दुसरं, सेवा बंद पडतात. जिओसिटीज २००९ मध्ये गेलं, पोस्टरस २०१३ मध्ये. टाइपपॅड सप्टेंबर २०२५ अखेर बंद झालं, तेही जेमतेम महिनाभराच्या सूचनेवर. आणि टाइपपॅड तर पैसे घेणारी सेवा होती! म्हणजे पैसे मोजले की सुरक्षित, हाही भ्रमच. ज्यांचं डोमेन (म्हणजे साइटचं नोंदवून घेतलेलं नाव) स्वतःचं होतं त्यांना मजकूर दुसरीकडे टाकून तेच पत्ते पुन्हा चालू करायची सोय होती. बाकीच्यांचे दुवे मेले.

सेवा चालू असूनही पत्ता जाऊ शकतो. २०१२ पासून ब्लॉगर वाचकांना देशानुसार वेगळ्या पत्त्यावर पाठवत असे, त्यामुळे लोकांनी ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’चे दुवे ठिकठिकाणी चिकटवले. २०२० मध्ये ते डोमेन ब्लॉगर चालवणाऱ्या गूगलच्या हातून सुटलं. लेख ‘डॉट कॉम’वर शाबूत, पण ‘डॉट इन’वाले दुवे कुठेच जाईनात.

तुमच्या कामापुरतं सांगायचं तर ब्लॉगरवर पीडीएफ चढवताच येत नाही, फक्त चित्रं आणि व्हिडिओ. प्रश्नसंच गूगल ड्राइव्हवर ठेवून दुवा द्यावा लागेल. ज्याच्या खात्यात फाइल आहे त्याने आवराआवर केली की दुवा गेला. एकाच वेळी खूप जणांनी उतरवली तर ड्राइव्ह काही काळ डाउनलोड अडवतं, आणि गणिताच्या साइटवर ही वेळ नेमकी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात येणार. वर्डप्रेस डॉट कॉमवर पीडीएफ चढते, पण मोफत जागा १ जीबी. स्कॅन केलेल्या फाइली टाकल्यात तर ती पुरणार नाही. टाइप केलेल्या असतील तर बराच काळ निघेल.

---

निळी शाई

मराठीत लिहिणाऱ्यांची खास डोकेदुखी राहिली.

ब्लॉगर पानाचा पत्ता शीर्षकातल्या रोमन अक्षरांवरून बनवतो. शीर्षक पूर्ण देवनागरीत असलं की त्याच्या हाती काहीच लागत नाही, मग पत्ता होतो ‘ब्लॉग-पोस्ट’, पुढच्या लेखाला ‘ब्लॉग-पोस्ट_१२’, असं इंग्रजी अक्षरांत. दोनशे लेख झाले की दोनशे ‘ब्लॉग-पोस्ट’. कुठला दुवा कशाचा, पत्त्यावरून कळायची सोय नाही. उपाय सोपा आहे. प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडच्या पट्टीत ‘पर्मालिंक’ (पानाचा कायमचा पत्ता) उघडून ‘कस्टम’ निवडा आणि छोटा रोमन पत्ता हाताने टाका. एकदा प्रसिद्ध झालं की ती चौकट बदलू देत नाही, लेख मसुद्यात परत न्यावा लागतो. आणि तसं केलंत तर जुना पत्ता मेला.

वर्डप्रेसवर उलटी गंमत. तिथे देवनागरी पत्ता बनतो, पण आतून तो टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात साठवला जातो. प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, हलंत यांना ९-९ जागा लागतात आणि मर्यादा एकूण २०० ची, म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. ‘वर्गसमीकरण सोडवण्याच्या पद्धती’ हे शीर्षक घ्या. पहिला शब्द १० चिन्हांचा, दुसरा १२ चा. संपली मर्यादा, ‘पद्धती’ पत्त्यातून गायब. पुढे ‘वर्गसमीकरण सोडवण्याच्या युक्त्या’ लिहिलंत की पत्ता अगदी तोच निघतो आणि वर्डप्रेस शेवटी ‘-२’ जोडून मोकळं होतं. शिवाय असा दुवा मेसेजमध्ये चिकटवला की टक्क्यांची दीड-दोन ओळींची माळ उमटते, ती बघून कुणी हात लावत नाही.

तेव्हा कुठलीही सेवा घ्या, रोमन पत्ता हाताने द्यायची शिस्त पहिल्या लेखापासून लावा.

गणिताची सूत्रं: ब्लॉगरच्या थीममध्ये मॅथजॅक्सची, म्हणजे सूत्रं नीट मांडून दाखवणारी, स्क्रिप्ट टाकता येते, वर्डप्रेस डॉट कॉमच्या मोफत योजनेत स्वतःची स्क्रिप्ट चालत नाही, पण लाटेकची (सूत्रं लिहायच्या सांकेतिक पद्धतीची) सोय आधीपासून आहे. ब्लॉगरवर एक जपा, बहुओळी सूत्र लिहिल्यावर ‘कंपोज’ आणि ‘एचटीएमएल’ या दोन रूपांत उड्या मारू नका. संपादक ओळमोडीचे टॅग मध्येच घुसवतो आणि सूत्राऐवजी कच्चा मजकूर दिसतो.

---

रूटडिरेक्टरी

वरचं सगळं मान्य, पण लोक यावरून थेट ‘होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) घ्या आणि स्वतःचं वर्डप्रेस टाका’ वर उडी मारतात, ते पटत नाही. स्वतःचं वर्डप्रेस (वर्डप्रेस डॉट कॉम नव्हे, तीच प्रणाली आपल्या जागेवर चढवलेली) म्हणजे गाभा, थीम आणि प्रत्येक प्लगिनचे (वरून जोडलेल्या सोयींचे) अपडेट, दुसऱ्या जागी ठेवलेला बॅकअप, आणि तो बॅकअप खरंच परत चढतो का याची अधूनमधून तपासणी. हे करणारं माणूस टीममध्ये नसेल तर जुन्या प्लगिनमधून कुणीतरी आत शिरतं, आणि तुमच्या अपूर्णांकांच्या पानाखाली औषधांच्या जाहिरातींचे लपवलेले दुवे सापडतात. ब्लॉगरवर हा ताप नाही, आणि वाचकांची झुंबड उडाली तरी साइट झोपत नाही.

ब्लॉगरला स्वतःचं डोमेन जोडायला शुल्क नाही, खर्च फक्त डोमेन नोंदणीचा. वर्डप्रेस डॉट कॉमवर डोमेन जोडायला सशुल्क योजना लागते. तांत्रिक माणूस नसेल तर ब्लॉगर अधिक स्वतःचं डोमेन, माझं मत तिकडे.

तांत्रिक माणूस असेल तर ह्यूगोसारख्या साधनाने स्थिर (आधीच तयार करून ठेवलेली) पानं बनवून क्लाउडफ्लेअर पेजेस या होस्टिंग सेवेवर ठेवा. मोफत योजनेत २०,००० फाइली, प्रत्येक फाइल २५ एमबीपर्यंत, महिन्याला ५०० बिल्ड (साइट नव्याने बनवून चढवणं). पीडीएफही तिथेच, तुमच्याच पत्त्याखाली. मूळ मजकूर साध्या फाइलींत तुमच्याकडे राहतो, सेवा उद्या बंद झाली तरी तोच फोल्डर दुसरीकडे चढवायचा. अडचण एकच, लेख लिहिणाऱ्या प्रत्येकाला गिट, म्हणजे फाइलींतले बदल नोंदवून चढवायचं साधन, शिकवावं लागतं.

---

कानामात्रा

वाचनखूण साठवली! आमच्यात गिटवालं कुणी नाही, त्यामुळे ब्लॉगर अधिक डोमेन हेच जमेल असं दिसतं. दोन प्रश्न. डोमेन जोडताना काय चुकतं? आणि पुढे वर्डप्रेसवर जायचंच झालं तर आत्ता काय काळजी घ्यावी?

---

खटपट्या

जोडणी: सेटिंग्ज, पब्लिशिंग, कस्टम डोमेन. तिथे ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सकट पत्ता टाका. मुद्दाम अडवल्यासारखा लाल संदेश येईल, घाबरू नका, तुम्हाला हवी असलेली माहिती त्यातच असते. दोन सीनेम नोंदी (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणाऱ्या) दिलेल्या असतात. पहिली ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ची, जी ‘जीएचएस डॉट गूगल डॉट कॉम’कडे बोट दाखवते. दुसरी मालकी पटवणारी, तिचं नाव आणि लक्ष्य दोन्ही तुमच्यापुरती असतात, तेव्हा कुणाच्या लेखातून उतरवून घेऊ नका. दोन्ही नोंदी डोमेनच्या डीएनएसमध्ये (नाव कुठे न्यायचं ते सांगणाऱ्या नोंदवहीत) टाका, थोड्या वेळाने पुन्हा सेव्ह करा.

मग मोकळ्या डोमेनसाठी (पुढे ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ नसलेलं) चार ए नोंदी (नाव थेट सर्व्हरच्या आकडी पत्त्याकडे नेणाऱ्या): २१६.२३९.३२.२१, २१६.२३९.३४.२१, २१६.२३९.३६.२१, २१६.२३९.३८.२१. त्यानंतर ब्लॉगरमध्ये ‘रिडायरेक्ट डोमेन’ चालू करा. ही पायरी राहिली की ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ न लावता येणाऱ्या वाचकाला साइट दिसत नाही. मोकळ्या डोमेनवर सीनेम टाकायचा मोह टाळा. सीनेमच्या शेजारी त्याच नावाची दुसरी नोंद चालत नाही, त्यामुळे ईमेल कुठे पोचवायचा ते सांगणाऱ्या एमएक्स नोंदींशी भांडण लागतं, आणि तुम्हाला पत्रिका पाठवायची आहे.

शेवटी ‘एचटीटीपीएस’चे (सुरक्षित जोडणीचे) दोन्ही पर्याय चालू करा. त्यासाठीचं सुरक्षा प्रमाणपत्र यायला थोडा वेळ जातो. अडकलंच तर दोन गोष्टी बघा. डीएनएस क्लाउडफ्लेअरवर असेल तर त्या नोंदींवरचा नारिंगी ढग (वाचक क्लाउडफ्लेअरमार्गे येतात याची खूण) राखाडी करा. तो नारिंगी असताना प्रमाणपत्र अडतं किंवा पान स्वतःकडेच फिरत राहतं. दुसरं म्हणजे डोमेनवर आधीची सीएए नोंद (प्रमाणपत्र कुणी द्यायचं ते ठरवणारी) पडून आहे का.

ब्लॉगस्पॉटवर आधीपासून ब्लॉग असलेल्या इतर वाचकांसाठी: डोमेन जोडलं की जुन्या पत्त्यावरून ३०१ आपोआप सुरू होतं. पण डोमेन लगेच दुसऱ्या होस्टकडे वळवलंत तर ब्लॉगर वाटेतच ‘हा ब्लॉग आता अमुक ठिकाणी आहे, जायचं का?’ असं विचारणारं पान दाखवतो आणि शोधयंत्राच्या दृष्टीने साखळी तुटते. म्हणून डोमेन जोडून काही महिने ब्लॉगरवरच काढा, सर्च कन्सोलमध्ये (साइट गूगल शोधात कशी दिसते ते दाखवणाऱ्या साधनात) नवे पत्ते रुजलेले दिसले की मग हला. जुना ब्लॉग काढून टाकू नका. कानामात्रा, तुम्ही पहिल्या दिवसापासून डोमेन लावणार असाल तर ही भानगडच उरत नाही.

---

निळी शाई

हलवण्याबद्दल. वर्डप्रेसचं ब्लॉगर इंपोर्टर प्लगिन लेख आणि प्रतिक्रिया आणतं. त्यासाठीची फाइल गूगल टेकआउटमधून (गूगलमधला आपला मजकूर उतरवून घ्यायच्या सोयीतून) काढायची. थीम त्यात येत नाही, तिचा बॅकअप ‘थीम’ विभागातून वेगळा घ्या.

पर्मालिंकची रचना वर्ष, महिना, लेखाचं नाव आणि शेवटी ‘डॉट एचटीएमएल’ अशी ठेवा, म्हणजे ब्लॉगरच्या पत्त्यांशी जुळते. मात्र इंपोर्टर लेखाचं नाव शीर्षकावरून नव्याने बनवतो, त्यामुळे देवनागरी शीर्षकं असली की सगळे पत्ते बदलतात. जुना पत्ता प्रत्येक लेखाच्या ‘ब्लॉगर_पर्मालिंक’ या कस्टम फील्डमध्ये (लेखासोबतच्या जादा माहितीच्या रकान्यात) साठवलेला असतो. तिथून वाचून नावं दुरुस्त करा किंवा रिडायरेक्टची यादी बनवा.

हमखास सुटणारी गोष्ट: ब्लॉगर मोबाइलवरच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह लावून ‘एम=१’ जोडतो. वर्डप्रेसमध्ये ‘एम’ हे अक्षर तारखेच्या शोधासाठी राखीव आहे. परिणामी फोनवरून फिरलेले दुवे ४०४ (‘पान सापडलं नाही’) देतात आणि संगणकावर तपासणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. सर्व्हरच्या पातळीवर हा तुकडा काढून टाकणारा नियम लिहावा लागतो. ‘सर्च/लेबल’ने सुरू होणाऱ्या विषयवार पानांसाठीही तसाच नियम लागेल.

चित्रं आयात झाली की नाही तेही पाहा. लेखातले दुवे गूगलच्या सर्व्हरकडेच राहिले असतील तर सगळं छान दिसतं, आणि जुनं खातं गेलं की एकदम रिकाम्या चौकटी. चित्र उतरवताना पत्त्यात ‘एस३२०’ असेल तर ‘एस०’ करा, नाहीतर लहान आकाराचीच प्रत हाती येते.

---

रूटडिरेक्टरी

पत्रिकेबद्दल कुणी बोललं नाही. ब्लॉगरवर पूर्वी ईमेलने लेख पाठवायचं विजेट होतं, ते गूगलच्याच फीडबर्नर सेवेच्या आधारावर चालायचं आणि २०२१ मध्ये बंद झालं. आता बाहेरची सेवा घ्यावी लागते. ती घेतलीत तरी सभासदांची यादी दर महिन्याला सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलीत) उतरवून ठेवा, आणि पाठवण्याचा पत्ता स्वतःच्या डोमेनवरचा ठेवून एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही डीएनएस नोंदी (पत्र खरंच तुमच्याकडून आलं हे पटवणाऱ्या) टाका. त्यांच्याशिवाय पत्रिका स्पॅममध्ये जाते.

मालकीचंही बघा. ब्लॉगरच्या ‘पर्मिशन्स’मध्ये दुसऱ्या माणसाला आधी लेखक म्हणून बोलवा आणि मग ॲडमिन करा. एकच ॲडमिन असेल आणि त्याचं खातं अडकलं तर साइटही अडकली. डोमेन मात्र ब्लॉगरपेक्षा जपा. नोंदणीच्या खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल देऊ नका. मुदत संपून डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद पडतो, आणि नूतनीकरणाची आठवण नेमकी तिथेच येत असते.