मदत हवी आहे : अमेरिकेतली ज्युरी स्वसंरक्षणाचा दावा कसा तोलते?

नमस्कार. एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. स्वसंरक्षणाच्या हक्कावर सादरीकरण करायचंय आणि बर्नहार्ड गोएट्झ खटल्यापाशी अडकलोय.

डिसेंबर १९८४, न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे. चार तरुणांपैकी एकानं पाच डॉलर मागितले, गोएट्झनं चौघांवर गोळ्या झाडल्या. १९८६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयानं सांगितलं, की आरोपीला मनापासून भीती वाटली एवढं पुरत नाही. त्या परिस्थितीत समंजस माणसालाही तसं वाटलं असतं का, हे पाहायचं. तरीही १९८७ मध्ये ज्युरीनं खुनाच्या प्रयत्नातून त्याला सोडलं, दोषी धरलं ते फक्त बेकायदा शस्त्राबद्दल.

आपल्याकडे हा बचाव आरोपीनं निदान संभाव्य तरी दाखवावा लागतो. तिथे तो खोटा असल्याचं सरकारी पक्षानं निःसंशय सिद्ध करायचं. निकाल इथेच फिरला असेल का? मला तरी तसंच वाटतं.

तिकडे राहणाऱ्यांपैकी कुणी फौजदारी खटल्यात ज्युरीवर बसलंय का? ‘समंजस माणूस’ ठरवताना बंद खोलीत लोक खरंच न्यायाधीशांच्या सूचना धरून बोलतात, की स्वतःला त्या डब्यात उभं करून पाहतात? संपलेल्या खटल्याबद्दलच सांगा, नावं नकोत.