शेतीतल्या तरुणांसाठीच्या योजना: मोजायचं ते नेमकं काय?

बांधावरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझ्या भाच्यानं तीन वर्षांपूर्वी धिंगरी अळिंबीचं (मशरूमचं) प्रशिक्षण घेतलं. गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत सोयाबीनच्या कुटाराचे साठ बेड टांगले. हिवाळ्यात माल असा आला की घरातले सगळे हरखून गेले. पण सकाळी तोडलेली अळिंबी संध्याकाळपर्यंत मान टाकते, आणि आमच्या तालुक्याच्या गावात ती विकत घेणारे म्हणजे एक ढाबा आणि दोन मास्तरांची घरं. वाळवून विकावी तर दहा किलोची एक किलो होते आणि त्या एका किलोलाही गिऱ्हाईक नाही. मार्चमध्ये पत्रा तापला, बेडवर हिरवी बुरशी चढली, खेळ संपला. पोरगं आता चाकणला कंत्राटी कामावर आहे. प्रशिक्षणाच्या यादीत मात्र त्याचं नाव तसंच आहे. या तीन वर्षांत "बाबा रे, चालू आहे का बंद?" असं विचारायला कुणाचा एक फोन आला नाही.

योजना कमी नाहीत. कृषी पदवीधरांनी शेती-सल्ल्याचा किंवा शेतीपूरक धंदा काढावा म्हणून ॲग्री-क्लिनिक योजना २००२ पासून आहे. हैदराबादची 'मॅनेज' संस्था ती बघते. ४५ दिवसांचं मोफत प्रशिक्षण, पुढे कर्ज काढलं तर ३६ टक्के अनुदान, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के. ग्रामीण तरुणांना शेतीत टिकवण्यासाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं २०१५ मध्ये कृषी विज्ञान केंद्रांमार्फत 'आर्या' सुरू केली. या सगळ्यांचे आकडे येतात ते किती जणांना शिकवलं आणि किती व्यवसाय उभे राहिले याचे. उभे राहिलेल्यांपैकी आज किती चालू आहेत, हा तिसरा आकडा मला कुठे सापडला नाही.

माझी मागणी सरळ आहे. प्रशिक्षणाला तीन वर्षं झाली की प्रत्येकाला विचारा: धंदा चालू की बंद? बंद असेल तर कशानं? चालू असेल तर महिन्याला हातात किती उरतात? आणि ती यादी ग्रामसभेत वाचा. २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ नं कामांचं सामाजिक लेखापरीक्षण ग्रामसभेकडे दिलं होतं. रस्त्याच्या मातीकामाचा हिशेब गावासमोर होऊ शकतो, तर पोरांच्या रोजगाराचा का नाही?

केंद्रातला

मी एका कृषी विज्ञान केंद्रात काम करतो. भाच्याचं वाचून वाईट वाटलं, पण मागणीला माझा ठाम विरोध आहे. एका केंद्रात मंजूर पदं सोळा, आणि त्यावर अख्खा जिल्हा. तेही तुम्ही सोडून द्या. खरा धोका वेगळाच आहे. 'तीन वर्षांनी चालू किती' यावर आमचं काम जोखायचं ठरलं, तर उद्या प्रशिक्षणाला पोरं कशी निवडली जातील सांगू? ज्याच्या घरी विहिरीला बारमाही पाणी, बापाचे दहा एकर आणि कुठल्यातरी संस्थेत काका संचालक, तोच निवडला जाईल. तो टिकणारच, आमच्याकडे न येताही टिकला असता. कोरडवाहू दोन एकरवाल्याचं पोरगं दारातूनच परत जाईल. आज निदान तो आत तरी येतो.

बांधावरचा

साहेब, मग कुणाला निवडलं तेही मोजा. जमीन किती, पाणी आहे का, घरात पगारदार कुणी आहे का, एवढं अर्जावर लिहून घेता येतं. धोका आहे म्हणून मोजायचंच नाही, हे मला पटत नाही.

निफाडची ताई

दादा, तुमची कळकळ पोचली. पण ग्रामसभेत यादी वाचायची म्हणता, तेव्हा गाव डोळ्यांसमोर आणा. शेती करणाऱ्या पोराला मुलगी द्यायला आधीच कुणी तयार नाही. त्यात "अमक्याचं शेळीपालन बंद, कर्ज थकीत" असं माईकवरून वाचलं की त्या घरी स्थळ यायचंच बंद होईल. मातीकामाच्या हजेरीपटावर नाव असणं वेगळं आणि पोटच्या पोराचं अपयश चावडीवर येणं वेगळं. विचारा, जरूर विचारा, पण घरी जाऊन, चहा घेत घेत.

दुसरं म्हणजे बाया. तुमच्या यादीत आम्ही कुठल्या रकान्यात? माझी रोपवाटिका आहे. कोकोपीट भरण्यापासून ट्रे गाडीत चढवण्यापर्यंत सगळं मी बघते. पण सातबारा सासऱ्यांचा, कर्ज नवऱ्याच्या नावावर. उद्या कुणी मोजायला आलं तर 'उद्योजक' नवरा आणि मी घरकाम करणारी. केंद्र सरकारच्या ड्रोन दीदी योजनेत बचत गटांना फवारणीचे १५,००० ड्रोन द्यायचे ठरले, किमतीच्या ८० टक्के, म्हणजे आठ लाखांपर्यंत मदत. छान आहे. आमच्याकडच्या एका गटाला मिळाला. पोरगी शिकली, प्रमाणपत्र मिळालं, उडवतेही झकास. पण एक बॅटरी दहा-पंधरा मिनिटांत उतरते, शिवारात चार्जिंगला जनरेटर लागतो, आणि तो सगळा संसार न्यायला तिच्याकडे चारचाकी नाही. दिराला मोकळा वेळ मिळेल त्या दिवशी तिचा रोजगार. 'ड्रोन दिला' म्हटलं की काम झालं असं नाही, वर्षात ती किती दिवस फवारणीला गेली ते विचारा.

आकडेमोड

तुम्ही सगळे एक गोष्ट धरून चालला आहात की तरुण शेतीत टिकला म्हणजे चांगलं झालं. मला तिथेच शंका आहे.

सरकारचं श्रमशक्ती सर्वेक्षण बघा. २०१८-१९ मध्ये देशातले ४२.५ टक्के कामकरी शेतीत होते. कोविडनंतर हा आकडा वाढला आणि २०२३-२४ मध्ये ४६.१ टक्क्यांवर आला. शेतीत इतका रोजगार वाढला म्हणून कुणी पेढे वाटावेत का? शहरातली कामं गेली म्हणून माणसं घरी आली, एवढाच त्याचा अर्थ. या सर्वेक्षणाच्या नेहमीच्या व्याख्येत वर्षातून ३० दिवस घरच्या शेतात बिनपगारी मदत केली तरी माणूस कामकरी गणला जातो. बापाबरोबर महिनाभर पाणी धरणारा पदवीधर आकडेवारीत बेरोजगार उरतच नाही. त्या वर्षी शेतीतले ४६ टक्के कामकरी देशाच्या उत्पन्नातल्या जेमतेम १८ टक्क्यांवर जगत होते. अशा ठिकाणी आणखी पोरांना 'आकर्षित' करायच्या योजना मोजण्यापेक्षा चाकणसारख्या ठिकाणी पक्की नोकरी का मिळत नाही ते मोजा. भाचा गेला हे योग्यच झालं, फक्त कंत्राटी गेला हे वाईट झालं.

कुक्कुटवाला सांगोला

आकडेमोड, तुमचं गणित बरोबर असेल, पण बाराशे पिल्लांच्या शेडमध्ये रात्र काढून बघा आणि मग सांगा की हे काम नाही.

बांधावरच्या दादांना माझं सांगणं: तुमचा तीन वर्षांचा नियम मलाही बुडवून बसला असता. २०२० च्या फेब्रुवारीत कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा उठली. वजनाला आलेले पक्षी, खाद्याची उधारी डोक्यावर, आणि भाव इतका पडला की गाडीभाडंही सुटेना. शेवटी गावात फुकट वाटले. त्यानंतर दीड वर्ष शेड रिकामं. तुमचा मोजणारा तेव्हा आला असता तर माझ्यापुढे 'बंद' लिहून गेला असता. पुढे पुन्हा गावरान कोंबड्या आणल्या, आठवडी बाजारात अंडी स्वतः विकली, त्यातून परत उभा राहिलो. त्या पहिल्या प्रशिक्षणात लसीकरण आणि खाद्याचा हिशेब शिकलो तो आजही रोज उपयोगी पडतो. बंद पडलेलं सगळं वाया गेलं असं समजू नका.

बांधावरचा

ग्रामसभेचा मुद्दा मी मागे घेतो, ताई. घरी बहीण अजून कुणाला सांगत नाही की अळिंबीचे पंधरा हजार बुडाले. हे मला आधीच सुचायला हवं होतं.

पण सांगोलेकर, तुमच्याच बोलण्यातून माझा मुद्दा पक्का होतोय. तुम्ही बंद पडलात ते अफवेनं, भाचा बंद पडला तो गिऱ्हाईक नसल्यानं. प्रशिक्षण दोघांचंही चांगलंच होतं. 'बंद का' हा प्रश्न विचारलाच नाही, तर पुढच्या तुकडीलाही त्याच गावात बेड भरायलाच शिकवणार. शंभर घरी विचारलं आणि साठ जणांनी 'बाजार नाही' सांगितलं, तर पुढचा पैसा शीतपेटीला आणि गाडीला द्यावा हे तरी कळेल. एकदाच नका विचारू, दर वर्षी विचारा, म्हणजे परत उभे राहिलेलेही दिसतील.

केंद्रातला

काल रात्री जुनी वही काढून बसलो. तीन वर्षांपूर्वीच्या शेळीपालनाच्या तुकडीत पंचवीस नावं आहेत. सकाळपासून फोन लावतोय. नऊ नंबर आता अस्तित्वातच नाहीत. सहा जण बोलले, त्यातल्या दोघांकडे शेळ्या आहेत. एकजण म्हणाला, "सर, बोकड चांगले झाले होते, आईच्या ऑपरेशनला विकले." हे उत्तर कुठल्या रकान्यात लिहू ते मला कळलं नाही, तसंच लिहून ठेवलंय.

हा आकडा वर पाठवून त्यावर केंद्राला गुण द्यायला माझा विरोध कायम आहे. उरलेल्या दहा जणांना संध्याकाळी सातनंतर लावतो, दिवसा सगळे रानात असतात.