४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण असते, तर अंतराळवीर तरंगतात कसे?

प्रश्न : दहावीची आई

माझी मुलगी राज्य मंडळाच्या मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला आहे. गुरुत्वाकर्षणाचा धडा झाल्यावर तिने, अंतराळ स्थानक जेथून फिरते त्या सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्व त्वरण किती असेल, हे स्वतःच काढून पाहिले. पृथ्वीची त्रिज्या ६४०० किलोमीटर धरून तिने ६४०० ला ६८०० ने भागले, भागाकाराचा वर्ग केला आणि त्याला ९.८ ने गुणले. उत्तर ८.७ मीटर प्रति सेकंद वर्ग आले. जमिनीवर हेच मूल्य ९.८ असते, म्हणजे एवढ्या उंचीवर जाऊनही घट जेमतेम ११ टक्क्यांची आहे.

अडचण अशी की, तिच्याकडच्या एका मार्गदर्शकात ‘अवकाशात गुरुत्वाकर्षण नसल्यामुळे अंतराळवीर तरंगतात’ असे छापलेले उत्तर आहे. २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला स्थानकावर होते, तेव्हाची दृश्ये तिने पाहिली आहेत. ‘आई, गणित खरे की हे वाक्य खरे?’ असे ती विचारते आणि माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे असल्याने मला उत्तर देता येत नाही. कृपया तिला समजेल असे कोणी सांगावे, आणि परीक्षेत काय लिहावे तेही सांगावे.

उत्तर : निवृत्त मास्तर

आपल्या मुलीचे गणित बरोबर आहे आणि ते छापील वाक्य चूक आहे. पन्नास किलोग्रॅम वस्तुमानाच्या व्यक्तीला पृथ्वी जमिनीवर ४९० न्यूटन बलाने ओढते, तर स्थानकाच्या उंचीवर सुमारे ४३४ न्यूटन बलाने. हवा संपली की गुरुत्वाकर्षण संपते, असा समज मी एकतीस वर्षे वर्गात पाहिला. तसे असते तर ३,८४,००० किलोमीटर दूर असलेला चंद्र पृथ्वीभोवती फिरत राहिला नसता, सरळ रेषेत निघून गेला असता.

गोंधळाचे मूळ ‘वजन’ या शब्दात आहे. पुस्तकात वजन म्हणजे पृथ्वी ज्या बलाने वस्तूला ओढते ते बल. परंतु आपल्या शरीराला हे बल थेट जाणवत नाही. आपण उभे असतो तेव्हा तळव्यांना जो दाब जाणवतो तो जमिनीने आपल्याला वर ढकलल्याचा असतो, आणि खुर्चीत बसल्यावर जाणवते तो खुर्चीचा रेटा असतो. वजनकाटासुद्धा हा रेटाच मोजतो. रेटा नाहीसा झाला की काटा शून्य दाखवतो आणि आपल्याला आपण वजनरहित झालो असे वाटते, मग पृथ्वीची ओढ पूर्वीइतकी असली तरीही.

आता हा रेटा तेथे का नसतो ते पाहू. उंच डोंगरावर तोफ ठेवून आडवा गोळा डागला तर तो काही अंतरावर पडेल, अधिक वेगाने डागला तर अधिक दूर पडेल, आणि वेग पुरेसा वाढवला तर गोळा पडत असतानाच खालची जमीनही वळत जाईल व तो जमिनीला कधीच टेकणार नाही, असा विचार न्यूटनने मांडला होता. मुलीला ही आकडेमोड वहीत करू द्यावी. स्थानकाचा वेग सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर आहे. एका सेकंदात ते पृथ्वीकडे ८.७ च्या निम्मे, म्हणजे सुमारे ४.३ मीटर पडते. त्याच सेकंदात ते ७.७ किलोमीटर पुढे गेलेले असते, आणि ६८०० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ तेवढ्या अंतरात स्पर्शिकेपासून किती खाली येते हे पायथागोरसच्या प्रमेयाने काढले तर उत्तर पुन्हा सुमारे ४.३ मीटरच येते. स्थानक जितके पडते तितकेच वर्तुळही वळते, म्हणून उंची तीच राहते आणि साधारण ९३ मिनिटांत एक फेरी पूर्ण होते. ही दोन उत्तरे जुळलेली पाहिली की मुलांचे चेहरे बदलतात, हा माझा अनुभव आहे. फळ्यावर मी ही आकडेमोड कधीच पूर्ण करून दाखवत नसे.

अंतराळवीर, त्याच्या हातातून सुटलेले पेन आणि स्थानकाची भिंत ही सर्व त्या एका सेकंदात तेवढेच ४.३ मीटर पडतात, कारण गुरुत्व त्वरण पडणाऱ्या वस्तूच्या वस्तुमानावर अवलंबून नसते. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडून हे दाखवले होते. तेथे हवेचा अडथळा नसल्यामुळे दोन्ही बरोबरच खाली आले. सगळेच बरोबर पडत असेल तर तळ अंतराळवीराला ढकलणार कसा? म्हणून तो तरंगतो.

परीक्षेत असे लिहावे : ‘कक्षेत फिरणारे यान व त्यातील अंतराळवीर हे दोघेही गुरुत्वाकर्षणामुळे एकाच त्वरणाने पृथ्वीकडे मुक्त पतन करत असतात. त्यामुळे यानाच्या तळाकडून अंतराळवीरावर प्रतिक्रिया बल येत नाही आणि तो वजनरहित असल्याचे भासते. तेथे गुरुत्व त्वरणाचे मूल्य शून्य नसते.’ यातील शेवटचे वाक्य गाळू नये.

प्रतिसाद : यंत्र अभियंता

मास्तरांशी सहमत आहे, तरी एक शंका आहे. आम्हाला असे शिकवले गेले होते की, वर्तुळाकार फिरताना बाहेरच्या दिशेने अपकेंद्री बल निर्माण होते, ते गुरुत्वाकर्षणाला बरोबर तोलते आणि एकूण बल शून्य झाल्याने अंतराळवीर तरंगतो. हे उत्तर एका ओळीत संपते, मग इतका लांबचा मार्ग कशासाठी?

उत्तर : निवृत्त मास्तर

कारण त्या एका ओळीचा न्यूटनच्या पहिल्या नियमाशी मेळ बसत नाही आणि दहावीचे मूल तो नियम नववीतच शिकून आलेले असते. एकूण बल खरोखर शून्य झाले असते तर स्थानक सरळ रेषेत निघून गेले असते. त्याची दिशा क्षणोक्षणी वळते, याचाच अर्थ त्यावर असंतुलित बल कार्य करते. ते केंद्राकडे असते आणि ते गुरुत्वाकर्षणच असते. त्यालाच आपण अभिकेंद्री बल म्हणतो.

ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभे राहून ज्याने गोफण फिरवली आहे त्याला हे हाताने ठाऊक असते. गोफणगुंडा फिरत असताना त्याला आत ओढून धरावे लागते, ती ओढ दोरीची असते. एक पदर सोडला की गुंडा केंद्रापासून थेट बाहेर पळत नाही, तर त्या क्षणी ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने, म्हणजे स्पर्शिकेच्या रेषेत सुटतो. बाहेर ओढणारे खरे बल असते तर नेम धरण्याची रीतच वेगळी झाली असती.

आपण म्हणता ते अपकेंद्री बल स्थानकाबरोबर फिरणाऱ्या निरीक्षकाच्या हिशेबात घ्यावे लागते, आणि अभियांत्रिकीत तो हिशेब सोयीचा असतो हे मान्य आहे. मात्र आपण कोणाच्या जागेवरून पाहत आहोत हे सांगितल्याशिवाय ते मुलांपुढे ठेवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रतिसाद : भौतिकीची विद्यार्थिनी

समीकरणाआधी मुलीला एक प्रयोग करू द्यावा, असे मला वाटते. पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली घ्यावी, बुडापासून दोन बोटे वर तापवलेल्या दाभणाने भोक पाडावे (हे मोठ्यांनी करावे), भोकावर बोट ठेवून बाटली भरावी आणि टोपण उघडेच ठेवावे. बोट काढले की धार लागते, कारण वरच्या पाण्याच्या भारामुळे भोकापाशी दाब असतो. आता तीच बाटली उंचावरून सोडावी. ती हातातून सुटताच धार थांबते. पाणी आणि बाटली एकाच त्वरणाने पडत असल्यामुळे वरचे पाणी खालच्या पाण्यावर भार टाकत नाही. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून, म्हणजे साधारण सहा मीटरवरून, बाटली खाली यायला १.१ सेकंद लागतो, तेवढ्यात मोबाइलवर संथ गतीचे चित्रीकरण सहज होते. खाली कोणी उभे नाही ना, हे मात्र पाहावे.

याचाच दुसरा भाग मला जास्त आवडतो. बाटली वर फेकली तरी हात सुटल्याच्या क्षणापासून धार बंदच असते, वर जातानाही आणि खाली येतानाही. मुक्त पतन म्हणजे खाली जाणे, असे आपण मराठी शब्दामुळे समजतो. प्रत्यक्षात केवळ गुरुत्वाकर्षणाखाली होणारी कोणतीही हालचाल त्यात येते. स्थानक खाली न येताही ‘पडत’ कसे असते, हे मला स्वतःला या दुसऱ्या भागामुळे पटले.

वस्तुमान आणि वजन यांच्यातील फरक दाखवायचा असेल तर वाण्याची तागडी आणि स्प्रिंगचा ताणकाटा आठवावा. तागडीत एका पारड्यात माप आणि दुसऱ्यात धान्य असते, त्यामुळे चंद्रावरही किलोभर तांदूळ किलोभरच भरतील. ताणकाटा मात्र एक षष्ठांश दाखवेल. स्थानकावर दोन्ही निरुपयोगी ठरतात. तेथे अंतराळवीराला स्प्रिंगच्या उपकरणावर घेतात आणि ठरावीक बलाने त्याच्यात किती त्वरण निर्माण होते किंवा तो किती काळात एक झोका पूर्ण करतो, यावरून त्याचे वस्तुमान काढतात. वजन जाणवत नसले तरी वस्तुमान जागेवर असते, याचा हा सर्वांत सरळ पुरावा आहे.

प्रतिसाद : दहावीची आई

सर्वांचे आभार. पायथागोरस वापरून ४.३ मीटर काढायला तिला अर्धा तास लागला, पण आकडा जुळल्यावर ती वही घेऊन स्वयंपाकघरात आली. बाटलीचा प्रयोग आम्ही काल संध्याकाळी जिन्याच्या वरच्या टप्प्यावरून केला. पहिल्या खेपेस मी बाटली एका बाजूने धरल्यामुळे ती सोडताच कलंडली आणि पाणी तोंडातून सांडले. दुसऱ्या खेपेस मान दोन बोटांच्या चिमटीत धरून सोडली. चित्रीकरणात अगदी स्पष्ट दिसते की, आधी बाहेर पडलेली धार पुढे निघून गेली आणि भोकातून नवा थेंब आला नाही. बाटली बादलीत आदळल्यावर मात्र पाणी पुन्हा उसळले.

आता तिने नवा प्रश्न काढला आहे. पायरीवरून उडी मारताना तीही वजनरहित असते का, आणि असेल तर ते जाणवत का नाही?

उत्तर : निवृत्त मास्तर

असते. पाय सुटल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत, हवेचा किरकोळ अडथळा सोडला तर, तिची अवस्था आणि स्थानकातील अंतराळवीराची अवस्था यांत तत्त्वतः फरक नाही. १.२ मीटर उंचीच्या ओट्यावरून ती नुसती खाली उतरली तर हा काळ सुमारे अर्ध्या सेकंदाचा असतो, आणि तेवढ्यात मन पुढच्या आपटण्याकडे लागलेले असते.

शिवाय ते अजिबात जाणवत नाही असेही नाही. जत्रेतला आकाशपाळणा वरून खाली झुकतो तेव्हा पोटात गोळा येतो ना? तेथे आसनाचा रेटा पूर्ण जात नाही, केवळ कमी होतो, तरी शरीराला ते लगेच कळते. अंतराळवीरांच्या वाट्याला हा गोळा सलग दिवसच्या दिवस येतो, आणि त्यांच्यापैकी अनेकांना पहिले काही दिवस मळमळते.