पैसे देऊन घेतलेल्या गेमची बॅकअप कॉपी, युरोपात चालते की नाही?

म्युनिकचा_मन्या: जुन्या डिस्कवरच्या बऱ्याच गेम्स पडून आहेत, काहींवर चरे पडून त्या गेल्याच, म्हणून उरलेल्यांच्या कॉप्या करून ठेवायच्या म्हणतोय. ईयूचा (युरोपियन युनियनचा) २००९ चा सॉफ्टवेअर डायरेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या सदस्य देशांना पाळावा लागणारा कायदा, सांगतो की वापरायचा हक्क ज्याच्याकडे आहे त्याला गरजेपुरती बॅकअप कॉपी करायला करारात कलम घालून अडवता येत नाही. मग 'आय अ‍ॅग्री'च्या वर कंपनीने काय वाट्टेल ते लिहू दे!

कलमवाली: थांबा मन्याभाऊ. ते निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रामसाठी. गेम कंपनी निन्टेन्डो विरुद्ध गेमचं कुलूप तोडायची उपकरणं विकणारी पीसी बॉक्स, या खटल्यात २०१४ साली लक्झेंबर्गच्या कोर्टाने, म्हणजे ईयूच्या सर्वोच्च कोर्टाने, म्हटलंय की गेममध्ये प्रोग्रामशिवाय चित्रं, आवाजही असतात, त्यामुळे तिला २००१ चा कॉपीराइट डायरेक्टिव्हही लागतो. आणि त्यात कॉपी प्रोटेक्शन, म्हणजे कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं कुलूप, तोडायला बंदी आहे. तुमच्या डिस्कवर ते असणारच, मग बॅकअपचा हक्क घेऊन करणार काय?

म्युनिकचा_मन्या: ताई निकाल अर्धाच सांगितलात. कोर्ट हेही म्हणालं की प्रोटेक्शन प्रमाणात हवं, कमी जाचक उपाय होता का आणि ते तोडणारी उपकरणं लोक खरंच कशासाठी वापरतात ते त्या-त्या देशाच्या कोर्टाने बघायचं.

कलमवाली: बघायचं म्हणाले, तुमच्या बाजूने लागला असं कुठंय? आणि एका डिस्कसाठी कोर्टात कोण जाणार, तुम्ही?

सदाशिवपेठी: कॉपी करा हो खुशाल, फक्त विकायला काढू नका. लॅटव्हियात दोघांनी सॉफ्टवेअरच्या बॅकअप कॉप्या विकल्या, २०१६ ला ईयूच्या त्याच कोर्टाचा निकाल आला की मूळ डिस्क हरवली किंवा मोडली तरी परवानगीशिवाय बॅकअप कॉपी विकता येत नाही, ती स्वतःपुरतीच.

रात्रपाळी: डिस्क, डिस्क काय करताय सगळे? युबिसॉफ्ट कंपनीची 'द क्रू' घ्या, २०१४ ची गेम, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद, एकट्याने खेळायचं तरी सर्व्हर लागायचा. डिस्कच्या दहा कॉप्या असल्या तरी उपयोग शून्य! त्यावरूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू झाली, ईयूतल्या याचिकेवर १० लाखांच्या वर सह्या पडल्या. माझ्या मते बॅकअपचा कायदा बाजूला ठेवा, गेम चालू ठेवायची जबाबदारी कंपनीवर टाका.

कलमवाली: म्हणजे कंपनीने तोट्यात सर्व्हर चालवायचे?

रात्रपाळी: चालवा कोण म्हणतंय, जाताना ऑफलाइन खेळता येईल असा पॅच द्या, एवढंच मागणं आहे. याचिका न वाचताच बोलताय तुम्ही.

कलमवाली: बरं, पॅचचं मान्य. पण मन्याभाऊ, तुम्हाला भांडण नको असेल तर जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवरून घ्या, तिथं डीआरएम (कॉपी अडवणारं डिजिटल कुलूप) नाही, इन्स्टॉलर हार्डडिस्कवर टाकून ठेवा, कशाला हे तोडातोडीचं झंझट.

म्युनिकचा_मन्या: पैसे एकदा दिलेत ना मी, परत का देऊ? आणि यातल्या निम्म्या तिथं मिळतच नाहीत.