यूएसडीएचं कर्ज: गावाचं नाव नको, पूर्ण पत्ता टाका

अमेरिकेतल्या छोट्या गावात यूएसडीएच्या, म्हणजे तिथल्या कृषी खात्याच्या, हमीवर कर्ज काढून घर घ्यायचं, तर शेत आणि गोठा असलेलंच घर लागतं का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नाही. उलट शेतीतून उत्पन्न काढण्यासाठीची मालमत्ता या कर्जात बसतच नाही. साधं राहतं घर चालतं, पण तिथे स्वतः राहायला हवं.

यूएसडीएच्या संकेतस्थळावर पात्रतेचा नकाशा आहे. त्यात गावाचं नाव नव्हे, घराचा पूर्ण पत्ता टाका. पात्र भागाच्या हद्दीची रेघ कधी रस्त्यावरूनच जाते. समोरचं घर पात्र आणि आपल्याला आवडलेलं अपात्र, असंही होतं. जाहिरातीतल्या 'पात्र' शब्दावर विसंबू नका.

डाउन पेमेंट, म्हणजे घर घेताना स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, शून्य, हे खरं. पण सुरुवातीला कर्जाच्या १ टक्का हमी शुल्क आणि पुढे दरवर्षी उरलेल्या कर्जाच्या ०.३५ टक्के, हेही हिशोबात धरा.

आपल्या लोकांना खरी अडचण येते ती उत्पन्नाच्या कमाल मर्यादेची. कर्ज एकाच्याच नावावर असलं, तरी घरात राहणाऱ्या सगळ्या सज्ञान माणसांचं उत्पन्न धरलं जातं. नोकरी करणारा भाऊ किंवा पेन्शन असलेले आईवडील सोबत राहत असतील, तर आधी ती बेरीज करा. मर्यादा काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) आणि कुटुंबातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे बदलते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना हे कर्ज मिळत नाही, ग्रीन कार्ड असेल तर मिळू शकतं.

घराला खाजगी बोअरचं पाणी असेल तर त्याची तपासणी लागते. ती लवकर करून घ्या.